जडसंग्रह

शासकीय कार्यालयांत 'जडसंग्रह नोंदवही' नावाची एक वही असते. टेबले, खुर्च्या, कपाटे, पंखे, पाण्याचे पिंप अशा, वापरून न संपणाऱ्या वस्तूंची नोंद तिच्यात करावयाची, वर्षातून एकदा त्या मोजावयाच्या आणि मोजणाऱ्याने खाली स्वाक्षरी करावयाची. मोडकी खुर्चीदेखील फेकून देता येत नाही. तिचे रीतसर निर्लेखन व्हावे लागते. या वहीविषयी माझी एरवी तक्रार नाही. सार्वजनिक मालमत्ता जी काही शिल्लक राहते ती बऱ्याच अंशी या कंटाळवाण्या वहीमुळेच राहते. परंतु या वहीच्या हिशेबाने मी एकदा पुस्तके मोजली होती. त्या मोजणीविषयी लिहावे असे अनेक वर्षे मनात होते. निवृत्तीनंतर आता संकोचाचे कारण उरलेले नाही.

सन १९९६ मध्ये मी लेखापरीक्षणाच्या कामावर बंगळुरात होतो. (शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून बेंगळूरू झाले आहे. जुन्या सवयीने मी बंगळूर लिहितो. कन्नड मित्रांनी क्षमा करावी.) शासकीय अनुदानावर चालणाऱ्या एका जुन्या विद्यासंस्थेच्या हिशेबांची तपासणी माझ्याकडे आली. संस्थेचा प्रकाशन विभाग होता. इतिहास, भाषा, शिलालेख, हस्तलिखितांच्या संपादित आवृत्त्या अशी पुस्तके तो काढीत असे. त्याचे गोदाम जिन्याखाली होते. कमरेत वाकून आत गेल्यावर वाळवीचा आणि ओल्या कागदाचा वास आला. भांडारपालाने टॉर्च धरला आणि मी गठ्ठे मोजले.

त्यांत एक कोश होता. म्हैसूर प्रांतातील शिलालेख, सनदा आणि जुन्या दप्तरांतील महसुली शब्दांचा. १९७८ साली पाचशे प्रती छापल्या होत्या, त्यांपैकी तीनशे सदतीस तेथेच होत्या. अठरा वर्षांत एकशे त्रेसष्ट प्रती गेल्या, आणि त्यांतही बऱ्याच भेटीदाखल व देवाणघेवाणीत. माझ्या दृष्टीने हे सरळ प्रकरण होते. शासकीय भांडवल अडकून पडले आहे, मागणीचा अंदाज न घेता छपाई केली आहे, सबब संस्थेने न खपलेल्या साठ्याची योग्य ती विल्हेवाट लावून अनुपालन सादर करावे, असा परिच्छेद मी लिहिला. असाच शेरा आणखी अकरा पुस्तकांवर होता. 'विल्हेवाट' हा शब्द माझा होता. 'विक्रीची व्यवस्था सुधारावी' असेही लिहिता आले असते, आणि तोही आक्षेपच ठरला असता. त्या वयात मला पहिला शब्द अधिक ठाशीव वाटला.

शिवाय मसुद्याच्या आरंभी मी कौटिल्याचे माशांचे उदाहरण घातले होते. पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे द्रव्यावर नेमलेला अधिकारी ते केव्हा खातो हे कळत नाही, या अर्थाचे. प्रशासनावरील भाषणांत हे उदाहरण इतक्यांदा येते की एव्हाना त्या माशांनाही कंटाळा आला असावा. वरिष्ठांनी ते वाक्य अंतिम अहवालातून काढून टाकले, पण संस्थेला गेलेल्या पहिल्या ज्ञापनात ते तसेच राहिले.

महिनाभराने एक वृद्ध गृहस्थ कार्यालयात आले. पांढरे धोतर, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री. कोश त्यांनी केलेला होता. त्यांचे नाव मी लिहीत नाही; कर्नाटकात शिक्षकाला आदराने 'मेष्ट्रू' म्हणतात, तेवढे पुरे. रागावले असतील अशा समजुतीने मी नियमांची पुस्तके टेबलावर ओढून ठेवली. ते रागावलेले नव्हते. ज्ञापनाची प्रत त्यांनी कोणाकडून तरी मिळवली होती.

"सार, ही माशांची गोष्ट तुम्ही कोठे वाचली?"

"कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. प्रशिक्षणात आम्हांला एका व्याख्यानात सांगितली होती."

"म्हणजे ऐकली." ते हसले. "आणि ते पुस्तक कोणी छापले, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हते. अर्थशास्त्र हे रामायण-महाभारताप्रमाणे पूर्वापार सर्वांच्या हाती होते अशीच माझी कल्पना होती.

मेष्ट्रूंनी त्या दिवशी सांगितले ते, आणि पुढल्याच आठवड्यात नृपतुंग रस्त्यावरील मिथिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून मी वाचले ते, एकत्र करून सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अर्थशास्त्र नुसते नावाने माहीत होते. बाणाने 'कादंबरी'त त्याची निंदा केली होती, दंडीने उल्लेख केला होता. ग्रंथ मात्र कोणी पाहिलेला नव्हता. म्हैसूर सरकारने १८९१ साली म्हैसुरात प्राच्य ग्रंथालय स्थापन केले होते. तंजावरकडील एका पंडिताने तेथे एक ग्रंथलिपीतील ताडपत्री पोथी आणून दिली. ग्रंथपाल होते रुद्रपट्टणचे रु. शामशास्त्री. हातातील पोथी काय आहे हे त्यांनी ओळखले, १९०५ पासून तिच्यातील भागांची इंग्रजी भाषांतरे नियतकालिकांतून देऊ लागले आणि १९०९ साली संस्कृत संहिता त्या ग्रंथालयाच्याच मालेत प्रसिद्ध केली. संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९१५ साली निघाले, आणि ते छापले बंगळूरच्या सरकारी छापखान्याने, म्हणजे ज्या शहरात बसून मी ते ज्ञापन लिहिले त्याच शहरात. भाषांतराला प्रास्ताविक टिपण आहे जे. एफ. फ्लीट यांचे. हे फ्लीट मुंबई इलाख्याचे मुलकी अधिकारी. दक्षिण मराठा मुलखात नोकरी करता करता शिलालेखांचे पंडित झालेले. एका ग्रंथपालाने ओळखावे, एका संस्थानी सरकारने खर्च करावा, एका निवृत्त मुलकी अधिकाऱ्याने शिफारस लिहावी, असा तो व्यवहार होता.

त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात अक्षपटल, म्हणजे हिशेबाचे कार्यालय, यावर प्रकरण आहे. वर्षाचा हिशेब आषाढी पौर्णिमेला पुरा व्हायचा, तीनशे चोपन्न दिवसांचा. पुढे अपहाराचे चाळीस प्रकार मोजले आहेत. मी ते सर्व चाळीस वाचले. न खपणारे पुस्तक छापणे त्यांत नाही.

या गोष्टीचा पुढचा भाग तर आपल्या घरचाच आहे. शामशास्त्रींची आवृत्ती प्रामुख्याने एका पोथीवर उभी होती. नंतर आणखी पोथ्या मिळत गेल्या. १९२३-२४ मध्ये योली आणि श्मिट यांनी लाहोरहून आवृत्ती काढली, १९२४-२५ मध्ये गणपतिशास्त्रींनी त्रिवेंद्रमहून. गुजरातेत पाटणच्या जैन भांडारात ग्रंथाचा एक देवनागरी तुकडा सापडला. हे सारे समोर ठेवून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली र. पं. कंगले यांनी, आणि ती प्रकाशित केली मुंबई विद्यापीठाने: १९६० साली संहिता, १९६३ साली इंग्रजी भाषांतर, १९६५ साली अभ्यासखंड. संहितेच्या खंडात पानाच्या वरच्या भागात मूळ आणि खाली बारीक टाइपात पाठभेद असतात. कोणत्या पोथीत कोणते अक्षर आहे आणि संपादकाने कोणते घेतले याचा तो हिशेब असतो. लेखापरीक्षकाला खरे तर ते पान आपलेसे वाटायला हवे. प्रत्येक नोंदीला प्रमाणक जोडलेले आहे.

१९९२ साली परराष्ट्र सेवेतील ल. ना. रंगराजन यांनी पेंग्विनसाठी अर्थशास्त्राची सोपी, विषयवार मांडणी केली आणि ती विमानतळांवरच्या दुकानांतही दिसू लागली. २०१३ साली पॅट्रिक ऑलिव्हेल यांचे नवे इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डने काढले, त्याचा पाया कंगल्यांचीच संहिता. मुंबई विद्यापीठाच्या खंडांचे पुनर्मुद्रण पुढे मोतीलाल बनारसीदास यांनी केले. ज्यांना पाठभेद कशाशी खातात हे ठाऊक नाही, अशांच्या भाषणातही आज कंगले असतात. फक्त नावाने नसतात.

मेष्ट्रू उठताना म्हणाले, "सार, १९०९ सालच्या त्या पुस्तकाच्या अठरा वर्षांत किती प्रती खपल्या, हे तेव्हा कोणी तपासले नाही, हे आपले नशीब."

मग त्यांनी ज्यासाठी आले होते ती गोष्ट विचारली. साठा काढून टाकणारच असतील तर त्यांना काही प्रती विकत घेता येतील काय? मी सांगितले की लेखकाला वेगळी सवलत देण्याचा अधिकार संस्थेला नाही. आधी सवलतीच्या दराने जाहीर विक्री, ती न झाल्यास लिलाव. आणि आक्षेप आता अहवालात गेल्यामुळे मागे घेता येणार नाही, असेही सांगितले. हे शेवटचे वाक्य पुरते खरे नव्हते. संस्थेकडून समाधानकारक उत्तर आले असते तर परिच्छेद वगळता आला असता, आणि कसले उत्तर समाधानकारक ठरेल हे संस्थेला तोंडी सुचवणे माझ्या हाती होते. दूरध्वनी टेबलावरच होता. मी तो उचलला नाही. तरुण अधिकाऱ्याला आपला परिच्छेद टिकावा अशी जी ओढ असते ती या खात्यात काम केलेल्यांना सांगावी लागणार नाही.

संस्थेने सवलतीच्या विक्रीची जाहिरात सूचनाफलकावर लावली. फलक जिन्याजवळ होता, म्हणजे ज्या गोदामात पुस्तके होती त्याच्या दारावर. पंधरा दिवसांनी बाराही पुस्तकांचा साठा रद्दीच्या भावाने वजनावर गेला. साडेचार रुपये किलो. माझा परिच्छेद 'अनुपालन झाले, सबब वगळण्यात यावा' अशा शेऱ्यानिशी निकाली निघाला. ती रक्कम शासनाच्या खाती जमा झाल्याचे चलनही जोडलेले होते.

येथे थोडे दुसऱ्या बाजूनेही लिहिले पाहिजे, नाहीतर हा लेख न खपलेल्या प्रत्येक पुस्तकाची आरती होईल. त्या जिन्याखाली वाळवीने खावे असेही पुष्कळ होते. निवृत्त कुलगुरूंचे गौरवग्रंथ होते, परिसंवादात कोणी न ऐकलेले निबंध कोणी न वाचण्यासाठी छापलेले होते, एका मंत्रिमहोदयांच्या भाषणांचा संग्रह होता. पुढे २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी प्रकाशनांना गुण ठरवून दिले, तेव्हा तर गुणांसाठी पुस्तक काढून देणारे प्रकाशक गल्लोगल्ली निघाले. आणि जे चांगले होते ते तरी विकण्याचा प्रयत्न कोणी केला होता? विक्रीची खिडकी सकाळी अकरा ते एक उघडी, पैसे धनाकर्षाने, सूचिपत्र सायक्लोस्टाइल केलेले आणि तेही संपलेले. पुण्याच्या माणसाने हा कोश मागवायचा ठरवले असते तर बंगळूरला येऊन जाणे सोपे पडले असते. माझी चूक अशी की हे सर्व दिसत असूनही मी खिडकीवर आक्षेप लिहिला नाही, पुस्तकांवर लिहिला. बाराही पुस्तकांना एकच वाक्य लावले. कोणते पुस्तक काय आहे हे पाहण्याचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता, आणि रकाना नाही म्हणून मी पाहिले नाही.

कोश मी पाहिला तो पुढे चार वर्षांनी. बंगळूर भोवतालच्या तलावांच्या जमिनींसंबंधीच्या काही जुन्या अनुदानांची कागदपत्रे एका तपासणीत समोर आली. त्यांत 'कोडगी' हा शब्द वारंवार येत होता. मराठी माणसाला या शब्दाने हसू येणारच, मलाही आले. म्हैसूर प्रांतात कोडगी म्हणजे तलाव बांधणाऱ्याला किंवा त्याची निगा राखणाऱ्याला दिलेली जमीन. ती कोणी, कोणत्या अटीवर धारण करावयाची, तलाव पडीक झाल्यास काय, हे समजल्याशिवाय प्रकरण समजत नव्हते. तहसील कार्यालयात विचारले; प्रत्येकाने निराळे सांगितले. अखेर एका जुन्या कारकुनाने सांगितले की याचे एक पुस्तक होते, मेष्ट्रूंचे, आता मिळत नाही.

मी शोध केला. अ‍ॅव्हेन्यू रोडच्या पदपथावर पाहिले, दोन महाविद्यालयांत पाहिले. त्या सुमारास माझा भाचा अमेरिकेत शिकत होता. त्याला सहज लिहिले, तर आठवड्यात उत्तर आले की त्याच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रत आहे. परदेशी राहणाऱ्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पी.एल. ४८० च्या गव्हाच्या रुपयांतून भारतात छापली जाणारी पुस्तके विकत घेऊन तेथील विद्यापीठांना वाटली. त्या खरेदीत आपल्याकडील कित्येक विद्यासंस्थांची पुस्तके गेली, मराठीही गेली, आणि तेथे ती वातानुकूलित मांडणीवर आहेत. मेष्ट्रूंच्या खपलेल्या एकशे त्रेसष्ट प्रतींत त्याही असणार. भाच्याने हवी ती पाने छायाप्रत करून पाठवली. बंगळूरच्या तलावाचा शब्द अमेरिकेहून टपालाने आला.

त्या पानांवर प्रत्येक अर्थाखाली आधार दिलेला होता आणि बहुतेक आधार 'एपिग्राफिया कर्नाटिका'चे होते. बी. लुईस राइस यांनी संपादिलेल्या या बारा खंडांविषयी स्वतंत्रपणे लिहावयास हवे. राइस बंगळुरात १८३७ साली जन्मलेले, म्हैसूर सरकारच्या शिक्षण खात्यातले, नंतर पुरातत्त्व खात्याचे प्रमुख. कन्नड लोक त्यांना 'शासनपितामह' म्हणतात. शासन म्हणजे त्यांच्याकडे शिलालेख. १८८६ ते १९०५ या काळात सुमारे नऊ हजार लेख त्यांनी छापून काढले, तेही सरकारी खर्चाने. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला मराठी लेखही त्यांत आला. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी तो 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथात घेतला, आणि तो ग्रंथ १९६३ साली पुणे विद्यापीठाने काढला. नववा खंड बंगळूर जिल्ह्याचा. २०२१ पासून मिथिक सोसायटीच्या वतीने शहरातील शिलालेखांचे त्रिमिती चित्रण चालले आहे. गावोगाव, आता गल्लोगल्ली, दगड शोधणारी ती मंडळी राइस यांचा तो १९०५ चा खंड हाती घेऊनच निघतात. किती तरी दगड आता जागेवर नाहीत. रस्त्याखाली गेले, पायात गेले. त्यांचे असणे आता त्या छापील पानापुरतेच उरले आहे.

बंगळुरात आता पैसा आहे. २०१० साली येथल्याच रोहन मूर्ती यांनी हार्वर्डला बावन्न लाख डॉलर देऊन भारतीय अभिजात ग्रंथांची माला सुरू करविली आणि २०१५ च्या जानेवारीत तिचे पहिले पाच खंड निघाले. देखणे, निर्दोष आणि भारतात परवडतील अशा किमतीचे. मी त्यांतले काही घेतले आहेत. त्या मालेच्या संपादकत्वावरून २०१६ साली वाद झाला त्यात मला शिरायचे नाही. मला दुसरेच वाटते. हीच रक्कम आपल्याकडच्या एखाद्या विद्यासंस्थेला देऊ केली असती, तर तिच्या विनियोगाची तपासणी करायला माझ्यासारखाच कोणी गेला असता, आणि दात्याला बहुधा हे ठाऊक असावे.

छायाप्रती आल्यानंतर मी मेष्ट्रूंना भेटायला बसवनगुडीत गेलो. जाण्यापूर्वी क्षमा मागण्याची वाक्ये जुळवली होती. त्यांनी ती अर्ध्यावर थांबवली आणि कॉफी मागवली. मग उठून आतल्या खोलीत नेले. पलंगाखाली कोशाचे गठ्ठे होते. लिलाव झाला त्या दिवशी ते रिक्षा करून रद्दीवाल्यामागे शिवाजीनगरला गेले होते. रद्दीवाल्याने किलोला सहा रुपये मागितले. पेन्शनचे जेवढे पैसे खिशात होते तेवढ्यात चाळीस प्रती आल्या.

"बाकीच्या दुसऱ्या दिवशी आणणार होतो. पण गिरणीचा ट्रक सकाळीच आला होता."

एक प्रत त्यांनी मला दिली. मी किंमत देऊ केली. त्यांनी छापील किंमत घेतली, सुटे पैसे मोजून परत दिले आणि वहीत नोंद केली. त्यांची स्वतःची जडसंग्रह नोंदवही. चाळीसांपैकी तोपर्यंत सव्वीस प्रती मागणाऱ्यांना गेल्या होत्या.

घरी येऊन पुस्तक चाळले तेव्हा समासात जागोजाग पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसल्या. दुसरी आवृत्ती निघणार नाही हे कळल्यावर त्यांनी शुद्धिपत्रातील दुरुस्त्या चाळीसही प्रतींत हाताने केल्या होत्या. 'कोडगी' या शब्दाखाली आधार म्हणून नववा खंड छापला होता. नऊ खोडून तेथे दहा केले आहे, आणि शेजारी लिहिले आहे: कोलार.